जपानमधल्या परदेशी माणसांवरचे सिनेमे: कितपत खरे?

पेठेतला_सामुराई

नमस्कार मंडळी. एप्रिलपासून कंपनी नागोयाला पाठवतेय, तीन वर्षांसाठी. जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी झालीये, पुढच्या एन३चा अभ्यास चालू आहे (कांजी, म्हणजे ती चिनी चित्रलिपी, बघून रडू येतं ते सोडा). तर सध्या रात्री जेवणं झाली की जपानमध्ये जाऊन पडलेल्या परदेशी माणसांचे सिनेमे बघायचा सपाटा लावलाय. 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' झाला, 'द लास्ट सामुराई' झाला, मग आईने हट्टाने 'लव्ह इन टोकियो' लावायला लावला, त्यात मेहमूद गेशा बनून येतो आणि आमच्या मातोश्री खूश. आता माझ्या डोक्यात नुसता काला झालाय. एकात जपान म्हणजे निऑनचे बोर्ड आणि रात्रभर झोप नाही, दुसऱ्यात तलवार आणि चेरीची फुलं, तिसऱ्यात सायोनारा सायोनारा. तिकडे प्रत्यक्ष राहिलेल्यांना विचारतोय, यातलं खऱ्याच्या जवळचं कुठलं? का सगळंच गंडलेलं आहे? आणि बघण्यासारखं दुसरं काय आहे? अ‍ॅनिमे सुचवू नका, ते झालेत बघून.

निशीकासाईकर

अभिनंदन रे. 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन'बद्दल माझं मत जरा कडू आहे, आधीच सांगतो. त्यातली दोघं टोकियोत शिंजुकूच्या पार्क हयात हॉटेलात वरच्या मजल्यावर राहतात, खाली टोकियो दिव्यांसारखं पसरलेलं, आणि एकटं वाटतंय म्हणून बारमध्ये बसतात. अरे बाबा हॉटेलात राहणं म्हणजे जपानात राहणं नव्हे. त्यांना कधी वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायला जावं लागत नाही, जळणारा कचरा कुठल्या वारी आणि प्लास्टिक कुठल्या वारी हे पाठ करावं लागत नाही, खालच्या मजल्यावरच्या आजींनी चुकीची पिशवी परत दाराशी आणून ठेवली असं होत नाही.

त्यातला व्हिस्कीच्या जाहिरातीचा सीन आठवतोय ना, तो डायरेक्टर भराभरा इतकं मोठं बोलतो आणि दुभाषी बाई नायक झालेल्या बिल मरीला एवढंसंच सांगते की कॅमेऱ्याकडे वळून बघा, जरा भाव आणा? सगळं थिएटर हसतं. सिनेमात तिथे सबटायटल मुद्दाम दिलेलं नाहीये. पण जपानी येत असेल तर ऐक नीट, तो माणूस अगदी सरळ बोलतोय, की तुम्ही तुमच्या अभ्यासिकेत निवांत बसलाय, टेबलावर बाटली आहे, जुन्या मित्रांना भेटल्यासारखं हळूहळू, मायेने कॅमेऱ्याकडे बघा. म्हणजे तो बिचारा आपलं काम चोख करतोय, आणि विनोद उभा आहे तो आपल्याला काही कळत नाही यावर. पूर्ण सिनेमाच असा आहे, जपानी माणसं म्हणजे मागे चाललेला गोंगाट.

खरी गंमत तर भाषा यायला लागल्यावर सुरू होते. मी घर शोधत होतो तेव्हा एजंट माझ्यासमोर बसून घरमालकाला फोन करायचा आणि पहिलंच वाक्य, गिऱ्हाईक परदेशी आहेत, चालेल का? मग पलीकडून काहीतरी, मग हा फोन ठेवून मला अगदी वाकून सॉरी. आवाजात राग नाही, तिरस्कार नाही, सगळं एकदम सौजन्याने. पुढचा फोन. परत तेच वाक्य. हे दाखवणारा हॉलिवूडवाला मला अजून भेटायचाय.

मृण्मयी_न

घरमालकाबद्दल +१, पण सिनेमावर अन्याय करताय तुम्ही. तो जपानवर नाहीच आहे, लग्न आणि झोप उडालेल्या दोन माणसांवर आहे. सोफिया कोपोलाला ऑस्कर पटकथेसाठी मिळालं ते उगीच नाही. आता 'आर' आणि 'एल'च्या उच्चारावरचे विनोद फालतू आहेत हे मान्य, ते मलाही खुपले.

ऑफिसात काम करायला चाललेल्या माणसाने बघायलाच हवा असा एक आहे, 'फिअर अँड ट्रेम्बलिंग', फ्रेंच सिनेमा, आलँ कोर्नोचा. आणि योगायोग बघा, हा पण २००३चाच. लॉस्ट, लास्ट सामुराई आणि हा, तिन्ही एकाच वर्षी. आमेली नोतोंबच्या कादंबरीवर आहे, ती स्वतः टोकियोत नोकरी करून आलेली. नायिका बेल्जियन, लहानपण जपानात गेलेलं, जपानी झकास बोलते, दुभाषी म्हणून मोठ्या कंपनीत लागते. आणि तिथेच फसते. बाहेरच्या कंपनीची माणसं मीटिंगला आलेली असतात, ही चहा-कॉफी देताना अदबीची जपानी वाक्यं अचूक बोलते, तर पाहुणे अस्वस्थ. गोरी बाई आपलं सगळं समजतेय म्हटल्यावर मोकळेपणाने बोलणार कसं? साहेब तिला बोलावून हुकूम देतो की आजपासून तू जपानी विसरायचं! पुढे पुढे घसरत ती शेवटी टॉयलेट साफ करायला लागते पण वर्षाचा करार मोडून जात नाही, कारण मधेच सोडणं म्हणजे नाक कापून घेणं.

मी जपानी ऑफिसात काम केलंय, इतकं टोकाचं काही माझ्या वाट्याला आलं नाही, सिनेमा भडक आहेच. पण एक गोष्ट तंतोतंत जमलीये. तुम्ही मोडकंतोडकं बोलता तोवर सगळे कौतुक करतात, 'निहोंगो जोझु देसु ने' (काय छान जपानी बोलता हो) दिवसातून चारदा. चांगलं बोलायला लागलात की कौतुक बंद आणि मग तुमच्या चुका पण जपानी माणसाच्या चुकांसारख्या मोजल्या जातात. याला प्रगती म्हणायची का शिक्षा ते तुम्हीच ठरवा.

बोकोबा

नागोयाला चाललायस आणि कुणीच 'मिस्टर बेसबॉल' सांगितला नाही?? १९९२चा, टॉम सेलेक. अमेरिकेत उतरती कळा लागलेल्या खेळाडूला थेट नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्स या टीमकडे पाठवतात. कोच कडक, कोचच्याच मुलीशी याचं जमतं, बाकी स्टोरी तुम्ही स्वतः लिहू शकता. पण मजा येते, आणि ऑफिसात ड्रॅगन्सबद्दल दोन वाक्यं बोललास तर पहिल्याच आठवड्यात चार मित्र होतील. कोच झालाय केन ताकाकुरा. १९८९च्या 'ब्लॅक रेन'मध्ये ओसाकात मायकल डग्लसला वळण लावणारा पोलीस पण तोच. हॉलिवूडने ठरवूनच टाकलं होतं, उद्धट अमेरिकन आला की ताकाकुराकडे पाठवा शिकवणीला.

लास्ट सामुराईचं म्हणशील तर बरंचसं शूटिंग न्यूझीलंडमधलं आहे, फुजीच्या जागी तिकडचा तारानाकी डोंगर उभा केलाय. स्कॉर्सेसीचा 'सायलेन्स' तैवानमध्ये. म्हणजे जपान दाखवायला जपान लागतच नाही 😀 आणि हो, ती दोन मण्यांची केसाला लावायची रबरबँड, तिला आमच्या ताया 'लव्ह इन टोकियो'च म्हणायच्या. सिनेमा विसरले लोक, रबरबँड टिकली.

सायतामा_लोकल

वरची चर्चा वाचून जरा गंमत वाटली, कारण 'लव्ह इन टोकियो' सोडला तर सगळे सिनेमे गोऱ्या माणसाचे आहेत, ज्याला वाटलं की विमानात बसून घरी जाता येतं. आमेलीचा सुद्धा करार संपतो आणि ती युरोपात जाऊन लेखिका होते. जपानात परदेशी म्हणून राहणारे बहुतेक लोक आशियातले, चीन, व्हिएतनाम, कोरिया, फिलिपिन्स, नेपाळ. त्यांच्यावरचे सिनेमे जपानी दिग्दर्शकांनी केलेत आणि ते फार वेगळे आहेत.

अकिओ फुजिमोतोचा 'अलाँग द सी' बघ, २०२०चा. तीन व्हिएतनामी मुली, टेक्निकल इंटर्न म्हणून आलेल्या, पहिल्या मालकाकडून रात्री पळून जातात आणि उत्तरेला बर्फातल्या एका मासेमारीच्या गावात लपून काम करतात. कागदपत्रं जुन्या मालकाकडेच राहिलेली. त्यातली एक गरोदर असते. आता कार्ड नाही तर डॉक्टर बघणार नाही, म्हणून खोटं कार्ड विकत घ्यायला ती आजारी अवस्थेत एकटी निघते, आणि कॅमेरा नुसता तिच्या मागे मागे चालत राहतो बर्फातून, म्युझिक नाही काही नाही. कुणी व्हिलन नाही त्यात. ही इंटर्नवाली योजना १९९३ पासूनची, नाव ट्रेनिंगचं आणि प्रत्यक्षात स्वस्त मजूर, इतक्या तक्रारी झाल्या की शेवटी २०२४ मध्ये ती बदलायचा कायदा केला, नवी २०२७ पासून येतेय.

दुसरा 'माय स्मॉल लँड', २०२२, एमा कावावादाचा. माझ्याच भागातला म्हणून जास्त लागला. टोकियोशेजारच्या सायतामातलं कुर्द कुटुंब, निर्वासित म्हणून केलेला अर्ज फेटाळला जातो. झालं, राहायचा परवाना रद्द, काम करायला बंदी, परवानगीशिवाय प्रीफेक्चरबाहेर (म्हणजे आपल्या प्रांताबाहेर) जायला बंदी. मोठी मुलगी सतरा वर्षांची, जपानी शाळेत वाढलेली, आणि ती नदीपलीकडे टोकियोत कोंबिनीत (चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान) पार्टटाइम काम करत असते. म्हणजे पूल ओलांडला की गुन्हा! त्यातली एक छोटी गोष्ट मला विसरता येत नाही, ती शाळेत सगळ्यांना आपण जर्मन आहोत असं सांगत असते. कुर्द म्हटलं की पुढे समजावत बसा, जर्मन म्हटलं की विषय संपला. आणि आपणही करतोच ना, कुणी विचारलं की इंडिया, करी, आयटी, ते म्हणतात ओ सुगोई (अरे वा), सुटलो.

पेठेतला_सामुराई

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मृण्मयीताई, फ्रेंच सिनेमा शोधतो. सायतामा_लोकल, ते दोन बघायची हिंमत जायच्या आधी करू का गेल्यावर? 😅 आणि आपल्या लोकांवर कुणीच काही काढलं नाही का?

निशीकासाईकर

गेल्यावर बघ, आधी बघितलास तर आई पासपोर्ट लपवून ठेवेल.

आपल्यावर माझ्या बघण्यात तरी काही नाही. टोकियोतल्या आमच्या निशी-कासाईत इतके भारतीय आहेत, २०१९ मध्ये इथल्याच एदोगावा वॉर्डाच्या नगरसेवकपदी आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले, मराठी माणूस जपानी लोकांकडे मतं मागत स्टेशनबाहेर उभा, आयता सिनेमा आहे. पण आपल्याकडे जपान म्हटलं की एक गाणं, दोन देवळं आणि बुलेट ट्रेन.

मृण्मयी_न

'रेंटल फॅमिली' राहिला बघ, २०२५चा, ब्रेंडन फ्रेझरचा. दिग्दर्शिका हिकारी स्वतः जपानी आहे म्हणून फरक पडतो. टोकियोत अडकलेला अमेरिकन नट भाड्याने नातेवाईक व्हायचं काम घेतो. गोड आहे, थोडा जास्तच गोड, पण त्याच्याकडे निदान नोकरी आणि छोटीशी खोली आहे, पार्क हयात नाही.

बोकोबा

सिनेमे पुरे, मुद्द्याचं बोला. सामुराई, व्हेज आहेस का? नागोया म्हणजे मिसो-कात्सु (मिसोच्या सॉसमधलं तळलेलं डुकराचं मांस), आणि नुसतं सूप म्हटलं तरी त्याच्या दाशीत, म्हणजे मूळ रश्श्यात, मासे असतात. व्हेज असशील तर वेगळा धागा काढ, ते प्रकरण मोठं आहे.