शब्दचर्चा : प्राण्यांच्या झुंजीतली 'स्ट्रॅटेजी', तिला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

प्राण्यांमधली स्पर्धा गेम थिअरी (एकाचा फायदा दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून असतो तेव्हाचं गणित) आणि अवकल समीकरणं (बदलाच्या वेगाची समीकरणं) यांनी कशी मांडतात, यावर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलोय. 'स्ट्रॅटेजी'ला सर्रास 'रणनीती' लिहितात, पण फुलपाखराची रणनीती असं लिहिताना हात थांबतो. शिवाय 'इव्होल्यूशनरिली स्टेबल स्ट्रॅटेजी'चं, म्हणजे एकदा पसरली की दुसऱ्या वागणुकीला शिरकाव करू न देणारीचं, काय करायचं? 'उत्क्रांतीच्या दृष्टीने सर्वोत्तम रणनीती' असं एके ठिकाणी वाचलं. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद

रणनीती नकोच. नीती म्हटली की ठरवणारा आला, आणि इथे ठरवणारा कुणी नाही. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस या संशोधकांनी १९७३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात झुंजीची ही मांडणी केली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता की शिंगं, सुळे असूनही एकाच जातीचे प्राणी बहुतेकदा जीव जाईपर्यंत का लढत नाहीत? 'जातीच्या भल्यासाठी' हे उत्तर त्यांना पटत नव्हतं. प्रत्येक प्राण्याचा स्वतःपुरता फायदा-तोटा धरूनही संयम टिकतो, हे त्यांनी दाखवलं. त्यात 'स्ट्रॅटेजी' म्हणजे अमुक प्रसंगी अमुक वागायचं, हा वारशाने आलेला नियम. प्राणी तो निवडत नाही. ज्याची पिल्लं जास्त जगतात त्याची वागणूक पुढे पसरते, इतकंच.

मी 'पवित्रा' सुचवेन. 'आक्रमक पवित्रा' आपण रोज म्हणतो, वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

प्रतिसाद

'पवित्रा' छान आहे, पण तो त्या क्षणापुरता असतो. 'आधीपासून जागा माझी असेल तर लढ, दुसऱ्याची असेल तर माघार घे' हीसुद्धा एक स्ट्रॅटेजीच आहे, आणि तिच्यात दोन पवित्रे आहेत. अशा ठिकाणी 'रीत' किंवा 'वर्तनरीत' बरं पडेल.

'सर्वोत्तम' मात्र साफ चूक. हे आकड्यांनीच दाखवतो, कारण इथे बरेच जण घसरतात. ससाणा आणि कबुतर हा या विषयातला नेहमीचा खेळ. (हे दोन पक्षी नव्हेत बरं का! एकाच जातीतल्या दोन रीती आहेत : ससाणा लढतो, कबुतर लढाई टाळतं. लेखात हे पहिल्याच वाक्यात सांगा.) भक्ष्य किंवा जागा मिळण्याचा लाभ ४ धरा, जखमेचा तोटा ६. दोन ससाणे भिडले तर एक जिंकतो, एक जखमी होतो. सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला उणे १. ससाण्यापुढे कबुतर माघार घेतं : एकाला ४, दुसऱ्याला ०. दोन कबुतरं भेटली तर सरासरी २-२.

सगळीच कबुतरं असतील तर प्रत्येकाला २ मिळतात. पण त्यात एक ससाणा शिरला की त्याला ४ मिळतात आणि त्याची वीण वाढत जाते. उलट सगळे ससाणे असतील तर प्रत्येकाच्या पदरी उणे १, आणि निमूट बाजूला होणारं कबुतर ० वर सुखी. मग गाडी थांबते कुठे? ससाण्यांचं प्रमाण दोन-तृतीयांश झालं की. तिथे दोघांनाही सारखंच मिळतं, आणि ते असतं फक्त दोन-तृतीयांश! सगळी कबुतरं असताना प्रत्येकाला २ मिळत होते. म्हणजे जे टिकतं ते सगळ्यांच्या भल्याचं नाही. म्हणून 'उत्क्रांतीत टिकणारी रीत' किंवा 'उत्क्रांतीस्थिर रीत' म्हणा, सर्वोत्तम किंवा आदर्श नको.

प्रतिसाद

वरच्याच उदाहरणात समीकरण घातलं की 'समतोल' आणि 'स्थिर' वेगळे का ठेवायचे ते कळतं. टेलर आणि जोंकर यांनी १९७८ मध्ये दिलेलं सूत्र शब्दांत असं : एखाद्या रीतीचा वाटा वाढण्याचा वेग म्हणजे तिचा आत्ताचा वाटा गुणिले तिचा लाभ आणि सरासरी लाभ यांतला फरक. ससाण्यांचं प्रमाण क्ष धरलं तर वेग येतो :

क्ष × (१ − क्ष) × (२ − ३क्ष)

हा वेग तीन ठिकाणी शून्य होतो : क्ष ० असताना, १ असताना आणि दोन-तृतीयांश असताना. तिन्ही समतोलच. पण पहिल्या दोन ठिकाणी जरासा धक्का लागला की प्रमाण दूर सरकत जातं; तिसऱ्या ठिकाणी धक्का दिला तरी परत येतं. स्थिर तेवढं तिसरं. अनुवादात 'इक्विलिब्रियम' आणि 'स्टेबल' दोन्हींना 'स्थिर' लिहिलं तर हा सगळा फरक पुसला जातो.

आणि कधी कधी गाडी थांबतच नाही. सिनेर्वो आणि लाइव्हली यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सरड्याबद्दल लिहिलं. नारिंगी गळ्याचे नर दांडगाई करून मोठा इलाखा बळकावतात, निळ्या गळ्याचे आपल्या मादीवर पहारा ठेवतात, पिवळ्या गळ्याचे मादीसारखे दिसून चोरून आत शिरतात. नारिंगी निळ्यांवर मात करतात, पिवळे नारिंग्यांना चकवतात, निळे पिवळ्यांना हाकलतात. तिघांचं प्रमाण फिरत राहतं. त्याला 'आवर्तन' म्हणा.

प्रतिसाद

एक राहिलं. स्पर्धा आणि झुंज यांची सरमिसळ करू नका. जीवशास्त्रज्ञ गॉझ यांच्या १९३४ च्या प्रयोगांत पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकत्र वाढवल्या तेव्हा एक जात नाहीशी झाली. तिथे कुणी कुणाशी लढलं नव्हतं, दोघींचं खाणं एकच होतं. ती स्पर्धा. दोन जातींची संख्या एकमेकींमुळे कशी बदलते ते सांगणारी लोट्का-व्होल्तेरा समीकरणं तिथली. ससाणा-कबुतर ही एकाच जातीतली झुंज. आणि हो, 'स्पीशीज'ला जाती लिहा. जीवशास्त्राच्या परिभाषेत प्रजाती म्हणजे 'जीनस'. वर्तमानपत्रांनी ते उलटंपालटं केलंय. 'आंतरजातीय' तर टाळाच, वाचकाला लग्न आठवेल. सरळ 'दोन जातींमधली स्पर्धा' लिहा.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आता पहिलं वाक्य असं करतोय : 'एकाच जातीत वागण्याच्या दोन रीती असतील, तर त्यांचं प्रमाण कुठे जाऊन ठरतं?' 'पेऑफ'ला 'लाभ' ठेवलंय. उणे लाभ खटकतो का कुणाला?

प्रतिसाद

उणे नफा म्हणतातच की. चालेल.