झोटेरो की हात? मराठी असाइनमेंटची संदर्भसूची

बर्डीचा ग्रंथपाल
एम.ए., एम.एड.च्या मुलांना सध्या एकच सल्ला मिळतो: झोटेरो हे संदर्भ साठवून सूची लावणारं सॉफ्टवेअर टाका, बटण दाबा, सूची तयार. इंग्रजी पेपरला ठीक आहे. पण बारा-पंधरा संदर्भांची मराठी असाइनमेंट असेल तर सूची हातानेच लावा, असं माझं स्पष्ट मत.

ब्राउझरमधून नोंद ओढली की नावाचे 'आडनाव' आणि 'नाव' असे तुकडे होतात. मग तुकडोजी महाराज 'महाराज, तुकडोजी' होऊन 'म'मध्ये जाऊन बसतात. नागपुरात अशी सूची तपासायला द्यायची म्हणजे कमालच! दुसरी भानगड अकारविल्ह्याची. झोटेरोत सूचीच्या स्टाइलची भाषा इंग्रजी असली की ळ येतो ल-च्या लगेच नंतर, म्हणून आधी काळे आणि मग कावळे. आपल्या वर्णमालेत ळ ह-नंतर आहे. क्रम हवा कावळे, कासार, काळे. क्षीरसागर तर 'क'च्या अगदी शेवटी सापडतात. शिवाय 'व इतर'च्या जागी रोमन लिपीतलं 'एट अल' येतं ते वेगळंच.

महालची संशोधक
सर, यात झोटेरोचा काय दोष? लेखकाच्या रकान्याशेजारी बारीक बटण असतं, ते दाबलं की दोन रकान्यांचा एक होतो. त्यात 'तुकडोजी महाराज' सलग लिहा, नोंद 'त'मध्येच येते. ग्रेस यांच्यासारखं टोपणनावही तसंच, पुस्तकावर छापलंय ते एकाच रकान्यात. ळ आणि क्ष राहिले, तर शेवटी फाइलची कॉपी करून त्या कॉपीत 'अनलिंक सायटेशन्स' करा आणि दोन-चार नोंदी हाताने हलवा. मूळ फाइलला मात्र हात लावू नका, अनलिंक केलेली सूची पुन्हा आपोआप बदलत नाही.

हाताने करणाऱ्यांचं काय होतं तेही सांगा ना. ओळ भरली की एंटर, मग टॅब. दिसायला बरोबर दिसतं. नंतर फाँट १२ चा १४ केला की ओळी मधेच तुटतात. त्यावर कोणी ए-झेडचं सॉर्ट दाबलं की संपलंच: वर्डला प्रत्येक एंटर म्हणजे नवा परिच्छेद, त्यामुळे लेखक एकीकडे आणि त्याचा प्रकाशक भलत्याच पुस्तकाखाली. एक नोंद म्हणजे एकच परिच्छेद ठेवा, सगळ्या नोंदी निवडा, कंट्रोल-टी दाबा. पहिली ओळ डावीकडे राहते, बाकीच्या अर्धा इंच आत जातात.

आणि मजकुरात '(काळे, २०१४)' आहे पण सूचीत काळेच नाहीत, ही चूक हाताच्या सूचीत हमखास. झोटेरोतून दिलेला संदर्भ सूचीत येतोच.

टायपिंग-बाइंडिंग
दोघांचंही बरोबर, पण मजकूर कशात टाइप केलाय ते कोणी विचारतच नाही बाप्पा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर आत रोमन अक्षरंच असतात. त्यावर सॉर्ट चालवलं तर क्रम इंग्रजी अक्षरांचा लागतो आणि झोटेरोत पेस्ट केलं तर नुसता कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे फाँट बदलला तरी देवनागरीच राहणाऱ्या अक्षरांत बदला, बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, मग काय ते भांडा.

रेफरन्स डेस्क
माझा आक्षेप दोघांनाही. आधी विभागाला कोणती पद्धत हवी ते लेखी विचारा. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ काढून टाकलंय आणि सगळे संदर्भ एकाच यादीत येतात. मराठी विभागांत बहुधा स्थळ लागतं, आणि ग्रंथ, नियतकालिकं, संकेतस्थळं अशा वेगळ्या याद्या मागतात. झोटेरो वर्डमध्ये एकच सलग यादी देतं, वेगळ्या याद्या कराव्या लागतात हातानेच. म्हणजे इथे ग्रंथपाल सरांचा मुद्दा टिकतो, पण ळ-साठी नाही.

बर्डीचा ग्रंथपाल
रकान्याचं मान्य. पण जुन्या पुस्तकांचं काय? मुखपृष्ठाच्या मागे 'शके १८५०' छापलेलं असतं, ते पोरं तसंच उतरवतात. ७८ मिळवा, १९२८ येतं. पौष ते फाल्गुनातलं प्रकाशन असेल तर बहुधा १९२९. हे कोणतंच सॉफ्टवेअर विचारत नाही. आवृत्तीचंही तसंच. हातात तिसरी आवृत्ती आणि नोंद पहिलीची, मग पृष्ठ क्रमांक जुळणार कसे?

महालची संशोधक
ते पुस्तक उघडून बघणाऱ्याचं काम आहे सर, वहीत लिहा नाहीतर झोटेरोत. उलट आवृत्तीचा रकाना समोर रिकामा दिसतो म्हणून निदान आठवण तरी होते. वृत्तपत्रालाही तेच लागू: नागपूर आवृत्तीतलं पान मुंबईच्या आवृत्तीत त्याच जागी असेलच असं नाही, म्हणून आवृत्तीचं गाव लिहा. त्यालाही रकाना आहे.

टायपिंग-बाइंडिंग
आणि डीओआयच्या, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकाच्या, शेवटी पूर्णविराम देऊ नका. लिंकसोबत कॉपी झाला की ती उघडत नाही.