मदत हवी आहे: समुद्राखालचं शहर, खर्च आणि तरंगायचा हिशोब

नमस्कार मंडळी, भाचीला कॉलेजात प्रेझेंटेशन द्यायचंय, विषय पाण्याखालचं शहर परवडेल का, आणि मामा सिव्हिलवाला म्हणून आकडेमोड माझ्या गळ्यात.

तिने जपानच्या शिमिझू कॉर्पोरेशन या बांधकाम कंपनीचा ओशन स्पायरल, म्हणजे समुद्रातल्या शहराचा आराखडा घेतलाय, २०१४ ला जाहीर केलेला. ५०० मीटर व्यासाचा गोळा, ५,००० माणसं, खाली समुद्रतळापर्यंत स्पायरल, खर्च ३ लाख कोटी येन. म्हणजे माणशी ६० कोटी येन, तेव्हाच्या भावाने ३० कोटी रुपयांच्या आसपास. (एवढ्यात मलबार हिलला कोरड्यात बसून समुद्र बघता येईल, असो.)

माझं घोडं वेगळीकडेच अडलंय. जो तो म्हणतो प्रेशरने चिरडेल, दर १० मीटरला एक अ‍ॅटमॉस्फिअर (जमिनीवरच्या हवेएवढा दाब) वाढतं वगैरे, ते ठीकच, पण आम्ही साइटवर बघितलंय ना, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं आणि अंडरग्राउंड टाकी रिकामी असली की अख्खी टाकी उचलली जाते, मग हा तर अर्ध्या किलोमीटरचा पोकळ डबा! आकारमान येतं साडेसहा कोटी घनमीटर, म्हणजे पूर्ण बुडवायचा तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याएवढं, जवळपास ६.७ कोटी टन वजन पाहिजे. नुसत्या काँक्रीटने आणायचं म्हटलं तर ४० टक्क्यांहून जास्त गोळा भरीवच होतोय. आकडेमोड दोनदा तपासली, चुकत असेन तर बिनधास्त सांगा.

त्यात त्यांची आयडिया अशी की एरवी गोळा पृष्ठभागापाशी तरंगणार आणि वादळ आलं की खाली जाणार. म्हणजे वजन कमीजास्त करणं आलं, बॅलास्टला (खाली जाण्यासाठी भरायच्या जादा वजनाला) समुद्राचं पाणी घेतलं तरी ते जागा खाणारच.

भाची म्हणते फ्लोरिडाच्या अ‍ॅक्वेरियस या पाण्याखालच्या प्रयोगशाळेत राहतातच की माणसं. अगं पण ते १९ मीटरवर, सहा जणांचं, आणि आतली हवा बाहेरच्या पाण्याएवढ्याच दाबाची, त्यामुळे भिंतीवर ताण नाही पण वर यायच्या आधी डीकॉम्प्रेशनलाच (शरीरावरचा दाब हळूहळू उतरवायलाच) १७ तासांच्या आसपास जातात. इथे रोज जा-ये करायची तर आत नॉर्मल हवाच लागणार.

ऑफशोअरवर, बॉम्बे हायला वगैरे काम केलेलं कोणी आहे का इथे? एवढं उचल बळ तळाला बांधून धरतात की वजनानेच मारतात, आणि एस्टिमेटमध्ये ते कशाखाली धरायचं? सोमवारी प्रेझेंटेशन आहे.