सळया वाकवू नका, आधी दाब तपासा

घराच्या बांधकामात एक फूटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) नकाशातल्या जागेपासून १५० मिमी सरकलंय, तर कॉलमच्या सळया वाकवून जागेवर आणा, असं इथे एकाने सुचवलंय. कृपया तसं करू नका. सळईचा तिरका भाग १ः६ पेक्षा (म्हणजे ६ मिमी उंचीत १ मिमी बाजूला) तीव्र नको. म्हणजे १५० मिमीसाठी किमान ९०० मिमी उंची लागेल. तेवढी सहसा नसतेच.

त्याआधी जमिनीवरचा दाब बघा. कॉलम मूळ जागीच उभा केला, तर भार फूटिंगच्या मध्यावर न येता १५० मिमी बाजूला येतो. सरकलेल्या दिशेने फूटिंग १.५ मीटर लांब असेल, तर एका कडेचा दाब सरासरीच्या १.६ पट होतो. जमिनीला तो झेपणार नसेल, तर दोन पर्याय: शेजारच्या फूटिंगला जोडणारा स्ट्रॅप बीम (आडवी तुळई), किंवा जुन्या काँक्रीटमध्ये भोकं पाडून नव्या सळया केमिकलने चिकटवून फूटिंग रुंद करणं. निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच, आणि लेखी घ्या. तोवर माती भरू देऊ नका!