हेदरचा मध पोळ्यातून सुटत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळची वाईची, सध्या स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळ राहते. बाबांच्या सातेरी माश्यांच्या पेट्या बघतच मोठी झाले, म्हणून इथेही दोन पेट्या घेतल्या (इथल्या माश्या मेलिफेरा, म्हणजे युरोपीय जातीच्या). इकडचे मधपाळ जुलै सरता सरता पेट्या डोंगरमाळावर नेतात, कारण ऑगस्टमध्ये हेदर नावाचं रानझुडूप फुलतं. यंदा एका जाणत्या मधपाळांबरोबर मीही पहिल्यांदा गेले. रात्री पेट्यांची दारं बंद केली आणि पहाटे डीसाइडच्या माळावर नेऊन ठेवल्या. नजर पोचेल तिथवर जांभळी फुलं! कासची आठवण येऊन डोळे भरले.

परवा पेट्या घरी आणल्या आणि इथेच अडलं. मधकोठीतल्या (पेटीच्या वरच्या, मध साठवायच्या कप्प्यातल्या) आठही चौकटी मेणाने बंद झालेल्या. मेण कापून मध काढायच्या यंत्रात फिरवल्या, तर कडेच्या दोन चौकटींतला लालसर, पातळ मध भराभर निघाला. उरलेल्या सहांतून थेंबही नाही. जोर वाढवला तेव्हा एक पोळं मधोमध फाटलं. चमच्यावर घेतला तर जेलीसारखा थरथरतो, आत हवेचे बारीक बुडबुडे अडकलेत. चव मात्र अशी मी कधी चाखली नव्हती. आधी गोड, मागाहून किंचित कडसर, आणि वास घरभर.

मध बिघडलाय का? बाकीची पोळी न मोडता तो कसा काढू? आणि थंडीसाठी माश्यांना हाच ठेवू का? ते मधपाळ सध्या गावाला गेलेत. माझ्या हातून एवढी मेहनत वाया जाऊ नये असं फार वाटतं.

अजून एक. सासूबाई आल्या आहेत, सात महिन्यांच्या लेकीला हा मध चाटवायचा म्हणतात. चालेल ना?

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध देऊ नये, शुद्ध असला तरी. मधात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्याला ते झेपत नाहीत. आपल्याकडे घुटीत मध घालायची रीत आहे, म्हणून सासूबाईंना प्रेमाने समजवा, पण ठाम राहा.

प्रतिसाद २

मध अजिबात बिघडलेला नाही. मी यॉर्कशायरच्या माळावर बरीच वर्षं पेट्या नेतोय. हेदरच्या मधात प्रथिनं जास्त असतात, त्यामुळे तो स्थिर असताना घट्ट बसतो, ढवळला की पातळ होतो आणि सोडला की पुन्हा बसतो. सॉसची बाटली हलवल्याशिवाय सॉस येत नाही, तसंच. तुमच्या कडेच्या दोन चौकटींत बहुधा बेल हेदर या दुसऱ्या जातीच्या हेदरचा मध आहे. ते आधी फुलतं आणि त्याचा मध लालसर, वाहता असतो.

उपाय असा. बारीक सुयांचा रोलर मिळतो, तो दोन्ही बाजूंनी फिरवून प्रत्येक कप्प्यातला मध हलवायचा आणि लगेच यंत्रात घालायचं. तासभर ठेवलंत तर पुन्हा बसेल. मेणपत्र्यात (चौकटीतल्या मेणाच्या पायात) तार नसेल तर एकदोन पोळी तुकडे करून तशीच खा, इथे लोक त्यासाठीच थांबलेले असतात. फाटलेलं कापडात घालून पिळा. गरम मात्र करू नका, वास जातो.

बाटल्या भरण्याआधी ओलावा मोजा. इथल्या नियमात मधाला २० टक्के पाण्याची मर्यादा आहे, हेदरला २३. पाणी जास्त असलं की मध आंबतो.

प्रतिसाद ३

थंडीबद्दल लिहितो. या मधात खनिजं आणि प्रथिनं जास्त, म्हणजे माशीच्या पोटात मळही जास्त साठतो. आठवडेच्या आठवडे बाहेर उडता आलं नाही तर हगवण लागते. म्हणून अनेकजण पिलाव्याच्या कोठीतला (जिथे अळ्या वाढतात त्या खालच्या कप्प्यातला) हेदरचा मध काढत नाहीत, पण वरून दोन भाग साखर, एक भाग पाणी असा पाक देतात, म्हणजे माश्या आधी पाक खातात. एकूण साठा १८-२० किलो तरी हवा. मधकोठी काढलीच आहे, तर व्हॅरोआचा (माश्यांवरच्या परजीवी गोचिडीचा) उपचार आजच सुरू करा. हेदरमुळे तो आधीच उशिरा होतो आणि थंडीत जगायच्या माश्या याच दिवसांत जन्मतात.

हेदरचं एक कौतुक सांगतो. त्याच्या मकरंदात कॅल्युनीन नावाचं द्रव्य असतं. बंबलबीच्या (केसाळ, जाड रानमाशीच्या) आतड्याला चिकटणाऱ्या एका परजीवीची शेपटी त्याने गळते आणि तो चिकटूच शकत नाही. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे दाखवलं. तुमच्या माश्या वेगळ्या, पण त्या माळावर जाऊन आल्यावर हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रोलर शेजारच्या मधपाळ काकूंकडे मिळाला. तीन चौकटी निघाल्या, दोन पोळी कापून ठेवली, फाटलेलं आम्ही दोघींनी पिळलं. ओलावा २१ टक्के. उपचार आजच सुरू केला, पाक रात्री ठेवते. सासूबाईंनी लेकीच्या पहिल्या वाढदिवसासाठी एक बाटली बाजूला काढून ठेवलीय.