बोक्याला डायबिटीस आणि आयबीडी (आतड्याची जुनाट सूज) दोन्ही आहे, खायला नक्की काय घालू? (स्टिरॉइडचाही प्रश्न आहे)

बंड्याची_आई

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमचा बंड्या, साधा देशी बोका, ११ वर्षांचा, न्यूटर केलेला. गेल्या वर्षी सारख्या उलट्या आणि पातळ शी सुरू झाली, वजन उतरायला लागलं, सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली म्हणून आयबीडी धरून प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) चालू केलं (बायोप्सी नाही केली, या वयात भूल नको असं घरात सगळ्यांचं पडलं). गोळीने पोट एकदम ताळ्यावर आलं, खायला लागला, आम्ही खूश. आणि आता दिवाळीपासून बघते तर पाण्याच्या वाटीपासून हलत नाही, लिटरच्या (शी-शूच्या वाळूच्या) ट्रेमध्ये एवढाली ढेकळं की खोरं उचलवत नाही, आणि मागचे पाय टाचा टेकवून टाकतोय सशासारखे. शुगर ४२० निघाली. दवाखान्यात घाबरून पण वाढते म्हणे, पण फ्रुक्टोसामीनही (गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) वाढलेलं आलं त्यामुळे डायबिटीस नक्की. लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळली की साठणारं आम्ल) नाहीत. ग्लार्जिन इन्सुलिन १-१ युनिट सकाळ-संध्याकाळ सुरू झालंय.

आता घोळ असा की आयबीडीसाठी जे हायड्रोलाइज्ड (प्रोटीनचे बारीक तुकडे केलेलं, म्हणजे बाधू नये म्हणून) कोरडं खाणं चालू आहे त्यात कार्ब्स भरपूर, डायबिटीसचे म्हणून जे डबे मिळतात त्यात चिकन, आणि चिकनने याचं पोट बिघडतं. स्टिरॉइडने शुगर वाढते म्हणून ते कमी करायला घेतलं तर दोन दिवसांत पुन्हा उलट्या. आणि हा कधी पूर्ण वाटी चाटून खातो कधी वास घेऊन निघून जातो, मग इन्सुलिन टोचायचं की नाही हा रोज सकाळी ७ वाजता घरात वाद. सासूबाई म्हणतात दूध-पोळी घाल, लहानपणापासून तेच खाऊन मोठा झालाय. दोन्ही आजार असलेली मांजर कुणी सांभाळलीये का? नक्की कशाला धरायचं आणि कशाला सोडायचं?

कोथरूडकर_काकू

सांभाळलीये, अजून सांभाळतेय. आमची चिंगी १३ वर्षांची, तिलाही हेच दोन्ही, वर थोडं स्वादुपिंडाचं.

आधी दूध-पोळी बंद, सासूबाईंना माझं नाव सांगा हवं तर. दुधातली साखर मोठ्या मांजरांना नीट पचत नाही आणि पोळी म्हणजे निव्वळ कार्ब्स, म्हणजे एका वाटीत दोन्ही आजारांना खाऊ घालताय तुम्ही.

खाण्याचं म्हणाल तर कोरड्यातून ओल्यावर या, हळूहळू, आठ-दहा दिवस घेऊन. बिस्किटासारखं कोरडं खाणं बनवायलाच स्टार्च लागतो, त्यामुळे पाकिटावर काहीही लिहिलेलं असो कार्ब्स येतातच. ओल्यात प्रोटीन असं बघा जे बंड्याने आधी फारसं खाल्लेलं नाही. आपल्याकडची मांजरं चिकन-मासे खाऊनच वाढतात म्हणून चिकन बाधतं हे खूप जणांकडे ऐकलंय. चिंगीला बदकाचे डबे चालले, ते मिळायचे बंद झाले की बोकडाचा बिनचरबीचा खिमा नुसता उकडून, मीठ-हळद-कांदा-लसूण काही नाही (कांदा-लसूण मांजरांना विषारीच), भात तर अजिबात नाही. पण नुसत्या उकडलेल्या मटणावर महिनोन्‌महिने ठेवू नका हां, त्यात कॅल्शियम नसतं, टॉरीन (मांजरांना लागणारं अमिनो आम्ल) पुरत नाही, डॉक्टरांकडून सप्लिमेंट लिहून घ्या. पोटाला मानवतंय का ते दोन-तीन आठवड्यांत कळतं, फार वाट बघावी लागत नाही. मात्र त्या दिवसांत बाहेरचं काही म्हणजे काही नाही, खालच्या मजल्यावरच्या काकांकडचं सुकट पण नाही.

आणि महत्त्वाचं, खाणं बदलून कार्ब्स कमी झाले की इन्सुलिनची गरज घसरते, कधीकधी पटकन. त्यामुळे घरी शुगर बघायला शिकल्याशिवाय खाणं बदलू नका. कानाच्या कडेला, बाहेरच्या बाजूने जी बारीक शीर दिसते ना, तिच्या अगदी शेजारी टोचायचं, शिरेवर नाही. आधी गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला रुमाल कानाला लावा, थंड कानातून थेंब येत नाही. मागे कापसाचा बोळा धरा नाहीतर सुई आरपार येऊन तुमच्याच बोटात. थेंब आला की ग्लुकोमीटरची पट्टी त्याला टेकवायची, ती आपण ओढून घेते. नंतर मिनिटभर दाबून ठेवा आणि एक तुकडा खिम्याचा. चिंगी आता डब्याचं झाकण वाजलं की स्वतःच ओट्याखाली येऊन बसते.

मटकी_उसळ

ताई एवढी इंजेक्शनं टोचून त्या जिवाला कशाला छळताय, कारल्याचा रस थोडासा दुधातून द्या, आमच्या बाबांची शुगर १५ दिवसांत खाली आली. मेथीदाण्याचं पाणीपण चालतं.

कोथरूडकर_काकू

@मटकी_उसळ बाबांना आयबीडी आहे का? बाबा रोज मटण खाऊन राहतात का? आतड्याला सूज असलेल्या मांजराच्या पोटात कारल्याचा रस गेला तर जी उलटी होईल ती तुम्ही पुसायला येणार आहात का. कृपा करून नको.

पशुवैद्य_नाशिक

कारल्यावर काकूंनी लिहिलंय, मी पुढचं लिहितो. मी बंड्याला तपासलेलं नाही तेव्हा डोस तुमच्या डॉक्टरांशीच ठरवा, पण त्यांना काय विचारायचं ते सांगतो.

पहिलं स्टिरॉइड. प्रेडनिसोलोनमुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही हे खरं, पण म्हणून ते एकदम थांबवणं हा उपाय नाही. एक तर अचानक बंद करता येत नाही, हळूहळूच उतरवावं लागतं. दुसरं म्हणजे पोट पुन्हा पेटलं की मांजर खात नाही, आणि डायबिटीस असलेलं मांजर उपाशी राहिलं तर कीटोन वाढायला वेळ लागत नाही. शुगर २५० असलेलं पण जेवणारं मांजर मला चालतं, शुगर १५० आणि दोन दिवस उपाशी असलं तर मी ते रात्रीच ॲडमिट करून घेईन. तेव्हा पोट शांत ठेवणं हाच तुमच्या डायबिटीसच्या उपचाराचा पाया समजा. त्यासाठी पर्याय आहेत. ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइडच आहे पण बरंचसं काम आतड्यातच करतं, रक्तात कमी उतरतं, मात्र अगदीच उतरत नाही असं नाही, म्हणून शुगर बघत राहावी लागतेच. माणसांच्या कॅप्सूलचा डोस मांजराला फार होतो, तो कमी करून बनवून घ्यावा लागतो. त्यानेही भागलं नाही तर क्लोराम्ब्युसिल. ते केमोचं औषध आहे, हातमोजे घालूनच हाताळायचं, गोळी तोडायची नाही, अधूनमधून रक्तातल्या पेशी मोजायच्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तोवर प्रेडनिसोलोन काढून घेऊ नका.

आता सगळ्यात जास्त घात जिथे होतो ते. स्टिरॉइड जसं उतरेल तशी इन्सुलिनची गरजही उतरते. लोक गोळी अर्धी करतात आणि इन्सुलिन तेवढंच ठेवतात आणि मग आठवड्याने फोन येतो की डॉक्टर मांजर लडखडतंय. म्हणजे स्टिरॉइड, खाणं आणि इन्सुलिन यातलं एका वेळी एकच बदला आणि बदललं की पुढचे काही दिवस शुगर जास्त वेळा बघा. सुरुवातीला १०० ते ३०० च्या दरम्यान राहिली तरी पुष्कळ झालं, माणसांसारखी ९० आणायला जाऊ नका. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, चालतो, पण तो फरक डोक्यात ठेवा आणि मीटर बदलू नका सारखा. ६५ च्या खाली आकडा आला तर आधी खायला द्या मग डॉक्टरांना फोन. थरथरणं, तोल जाणं, झटके असं काही असेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, आणि निघा.

दुसरं, बी-१२ तपासलंय का? आयबीडीत आतड्याचा शेवटचा भाग बिघडला की बी-१२ शोषलंच जात नाही, आणि ते कमी असेल तर भूक, वजन, शी काहीच सुधारत नाही, तुम्ही उगाच औषधं वाढवत बसता. साधारण आठवड्याला एक असं सहा आठवडे इंजेक्शन आणि मग महिन्याला, अशी पद्धत आहे. स्वस्त आहे. टाचा टेकवून चालणं हे मात्र बहुधा डायबिटीसने नसांवर झालेला परिणाम, शुगर ताब्यात आली की बऱ्याच मांजरांत हळूहळू सुधारतं.

तिसरं, स्वादुपिंडाची एफपीएलआय टेस्ट. मांजरात पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात शिरायच्या आधी एकत्र येतात, त्यामुळे आतडं, यकृत, स्वादुपिंड तिन्हीकडे सूज एकत्र सापडते. तसं असेल तर शुगर वरखाली उड्या मारते आणि आपण इन्सुलिनला दोष देत बसतो.

फ्रुक्टोसामीनबद्दलही एक. आयबीडीने रक्तातलं प्रोटीन उतरलं असेल तर हा आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. तुमच्याकडे वाढलेला आला म्हणजे निदान पक्कं, पण पुढे तो छान दिसला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका.

बायोप्सीचं तुमचं कारण समजतो. फक्त एवढं की या वयात भिंत जाड दिसते तेव्हा आयबीडी आणि मंद गतीचा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) हे सोनोग्राफीवर वेगळे ओळखता येत नाहीत. उपचार बराचसा सारखाच असतो, म्हणून अनेक जण बायोप्सीशिवायच पुढे जातात, पण डॉक्टरांशी हे एकदा बोलून ठेवा.

एडिसनवाला

न्यू जर्सीहून. इथे डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साकॅट आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सेनवेल्गो अशी दोन तोंडाने द्यायची डायबिटीसची औषधं एफडीएने (इथली औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) मान्य केली, इन्सुलिन नको, सुई नको. मला वाटलं सुटलो. पण आमच्या मांजरीला आयबीडी आहे म्हटल्यावर व्हेटने सरळ नाही सांगितलं. एक तर या औषधांनीच जुलाब-उलट्या होऊ शकतात, दुसरं म्हणजे यात शुगर नॉर्मल दिसत असताना आतून कीटोन वाढू शकतात, आणि आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांसाठी ती नाहीतच. तेव्हा कुणी भारतात मागवून देतो म्हणालं तरी बंड्याच्या केसमध्ये नाद करू नका.

बंड्याची_आई

काय लिहू, डोळ्यात पाणी आलं एवढं सविस्तर वाचून. डॉक्टर, बी-१२ तपासलंच नव्हतं, उद्या रक्त द्यायला नेतेय, एफपीएलआयचंही विचारते. काकू, कानाचं जमलं!! आकडा ३१२. बंड्या माझ्याकडे असा बघत होता की जणू दागिने चोरले त्याचे, पण पळाला नाही.

दोन प्रश्न राहिले. अर्धवट खाल्लं तर इन्सुलिनचं काय? आणि केमिस्टने या वेळी सिरिंजचं जे पाकीट दिलंय त्यांना लाल टोपी आहे, आधीची नारिंगी होती. कंपनी वेगळी असेल ना फक्त? अजून फोडलेलं नाहीये.

पशुवैद्य_नाशिक

फोडूच नका, परत करा!! लाल टोपी म्हणजे यू-४० (एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी), नारिंगी म्हणजे यू-१०० (एका मिलीत १००). आपल्याकडे ४० ची इन्सुलिनंही विकली जातात म्हणून दुकानात दोन्ही सिरिंज असतात. तुमच्या ग्लार्जिनच्या बाटलीवर १०० लिहिलंय ना बघा, ते यू-४० च्या सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातं. यू-१०० ची ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मागा, मिळाली तर उत्तम.

अर्धवट खाण्याचं: आधी शुगर बघायची, मग ताट, मग सुई, या क्रमाने. निम्मं तरी खाल्लं आणि शुगर चांगली वर असेल तर डोस द्यायचा की कमी करायचा, अजिबात नाही खाल्लं तर काय, कितीच्या खाली अजिबात द्यायचं नाही, हे तुमच्या डॉक्टरांकडून आकड्यांसकट कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. रोज सकाळचा वाद संपेल. भूक गेली असेल तर मळमळही असू शकते, वाटी चाटून मागे फिरणं, ओठ चाटत बसणं हे मळमळीचं लक्षण, त्यावर मॅरोपिटंट, ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधं आहेत. उलट्या होताहेत आणि तो एक दिवसभर काहीच खात नाहीये असं झालं तर मात्र कीटोनच्या पट्ट्या (केमिस्टकडे मिळतात) लघवीत बुडवून बघा, जांभळा रंग आला तर रविवार असो की मध्यरात्र, न्यायचंच.

कोथरूडकर_काकू

फ्रिजवरच्या कागदाला माझंही अनुमोदन. आमच्याकडे त्याच कागदाच्या खाली एक तक्ता आहे, तारीख, किती खाल्लं, शुगर, डोस, शी कशी. टोचलं की लगेच टिक करायची, कारण नवरा-बायको दोघांनी टोचणं हे घराघरांत होतं. टिक आहे की नाही शंका असेल तर तो डोस सोडून द्यायचा, एक चुकलेला डोस परवडतो, डबल परवडत नाही.

आणि इन्सुलिन फ्रिजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात. बर्फाच्या पिशवीला चिकटून तर नकोच, गोठलं की फेकायचं. शिमग्याला गावी जाणार असाल तर आत्तापासून कुणीतरी टोचायला शिकवून ठेवा, आम्ही दरवर्षी भाचीला बोलावतो कारण मांजराला घेऊन कोकणचा रस्ता म्हणजे त्याचा ताण वेगळा, शुगर वेगळी वाढते.

बी-१२ चा रिपोर्ट आला की इथेच टाका.