आफ्रिकेतल्या तरुण दिग्दर्शकांचे छोटे माहितीपट: कॉलेजच्या पोरांना काय दाखवू?

भूगोलवाल्या बाई

मी तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात भूगोल शिकवते. शनिवारी दुपारी आम्ही प्रोजेक्टरवर काहीतरी दाखवतो, हाताशी साधारण दीड तास असतो. या सत्रात आफ्रिका घ्यायचं ठरलंय. पोरांना काँगोचं खोरं तोंडपाठ आहे: विषुववृत्तीय सदाहरित वनं, तांबं, कोबाल्ट, नकाशात नदीचा बाक. पण तिथला माणूस सकाळी उठून पाणी कुठून आणतो, फी कुठून भरतो, यातलं काहीच मलाही सांगता येत नाही. तिथल्याच तरुणांनी काढलेल्या छोट्या फिल्म हव्यात. गोऱ्या निवेदकाचा खर्जातला आवाज आणि मागे ढोल, असलं नको. पोस्टरवर 'जिद्दी आफ्रिका' लिहावं असं आमचे प्राचार्य म्हणतायत.

किन्शासाकर

बाई, प्राचार्यांना माझा नमस्कार सांगा आणि पोस्टर बदला. पन्नासच्या वर देश आहेत तिथे. तुम्ही एकच शहर घ्या आणि त्याचं नाव लिहा.

मी किन्शासात, म्हणजे काँगोच्या राजधानीत, औषधं आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेब बघायचो, म्हणून माझी शिफारस तिथलीच: 'काँगो इन फोर ॲक्ट्स'. चार छोटे माहितीपट एकत्र बांधलेत, एकूण सव्वा तासाच्या आत. २०१० मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गाजले. दोन दिग्दर्शक महत्त्वाचे, द्येदो हमादी आणि किरीपी कतेम्बो सिकू. हमादी तेव्हा पंचविशीतला, आधी वैद्यकीय शिक्षण घेत होता.

पहिली फिल्म 'लेडीज इन वेटिंग'. हमादीने ती दिविता वा लुसाला या दुसऱ्या दिग्दर्शकाबरोबर केली. किन्शासातलं एक प्रसूतिगृह. बाळंतपण झालंय, आई ठणठणीत, मूल ठणठणीत, पण बिल भरलेलं नाही म्हणून घरी सोडत नाहीत. मग सुरू होते घासाघीस. किती आहेत? एवढेच? नवरा कुठाय? तारण काय ठेवतेस? फिल्म म्हणजे बहुतेक ही घासाघीसच.

आमच्या गोदामातला एक हमाल असाच एकदा पगाराची उचल मागायला आला होता. बायको बाळंत होऊन आठवडा उलटला होता, आणि जितके दिवस ती तिथे अडकून राहणार तितकं बिल फुगणार. मालकाने अर्धे दिले. उरलेल्यासाठी हमालाने घरचा टेबलफॅन ठेवून घ्यायची गळ घातली, तीही दवाखान्याला नाही, आम्हालाच. फॅन गोदामात आला, मी वहीत नोंद केली. आमच्याकडच्या पतपेढीतली वसुलीची भाषा आणि ती भाषा यात मला काडीचा फरक वाटला नाही.

फिल्ममध्ये बिलाची वसुली करणारी बाई तुमच्या पोरांना खाष्ट वाटेल. त्यांना आधीच सांगून ठेवा की दवाखान्यातल्यांचे पगार सरकारकडून वेळेवर येत नाहीत, आले तरी पुरत नाहीत. रुग्णांकडून जमेल त्यावर दवाखाना चालतो आणि दायांच्या घरची चूलही. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बायकांना तेच पैसे हवेत. हमादी कुणाची बाजू घेत नाही, निवेदनही नाही. मला ही फिल्म अजून आठवते ती त्यामुळे.

'आफ्टर द माइन' तर तुमच्या विषयातलीच. जागा किपुशी, काँगोच्या दक्षिणेकडच्या कटांगा भागातलं खाणीचं गाव. खाण १९९३ मध्ये बंद पडली (अलीकडे पुन्हा सुरू झाली), फिल्म काढली तेव्हा मागे दूषित माती उरली होती आणि तीत राहणारी माणसं. तांबं-कोबाल्ट पाठ असलेल्या पोरांनी ही बघायलाच हवी.

'झीरो टॉलरन्स' मात्र मी पहिल्या शनिवारी लावणार नाही. विषय पूर्व काँगोतल्या बलात्कारांचा आहे. तुम्ही आधी एकट्या बघा, मग ठरवा.

फूटपाथ फिल्मवाला

किन्शासाकरांशी सहमत. पण किरीपीबद्दल फारच थोडक्यात आटोपलंत, साहेब!

हा मूळचा चित्रकार, किन्शासाच्या कला अकादमीत शिकलेला. तिथे रस्त्यात कॅमेरा काढणं म्हणजे पोलिसाला आमंत्रण, आणि लोकांनाही आपला फोटो काढलेला आवडत नाही. याने काय करावं? पावसाची डबकी बघितली. माणसाकडे कॅमेरा न रोखता डबक्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो काढायचा आणि छापताना तो उलटा करायचा. म्हणजे माणूस सुलटा दिसतो आणि डबक्यातले दगड, कचरा आभाळात तरंगताना दिसतात. पॅरिसच्या फाँदास्यों कार्तिए या कलासंस्थेने २०१५ मध्ये काँगोच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात हे फोटो होते.

किरीपीची त्याआधीची 'व्हाच्युर आं कार्तों' (पुठ्ठ्याची गाडी) ही काही मिनिटांची फिल्म तर वर्गात दाखवायलाच केल्यासारखी आहे. पुठ्ठ्याची खेळण्यातली गाडी, तिच्यावर मोबाइल, आणि एक लहान मुलगी दोरीने गाडी ओढत शहरातून चाललीय. सगळं किन्शासा घोट्याच्या उंचीवरून दिसतं: चपला, चाकं, खड्डे. मुलीच्या खेळण्याला कोण अडवणार?

चार फिल्ममधली 'सिंफनी किन्शासा' त्याचीच. साचलेलं पाणी, डास, आणि त्याच पाण्यात पडलेल्या विजेच्या तारा. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तो गेला, मलेरियाने. वय छत्तीस.

ठोंब्या

माफ करा, पण पुन्हा दवाखाना, डबकी, खाण? हे रडगाणंच झालं. तिकडची पोरं हसत नाहीत का? युरोपातल्या महोत्सवांना असलंच लागतं, म्हणून असलंच निघतं असा माझा संशय आहे.

किन्शासाकर

@ठोंब्या, संशय अगदीच वावगा नाही. पैसा बाहेरून आला की विषयाला वळण लागतंच. किन्शासात हसणं कमी नाही बरं का. शहरात वीज गेली की जनरेटर असलेल्या बारमध्ये गर्दी होते आणि गाणं दुप्पट जोरात लागतं. तुम्हाला हसरं हवं तर हमादीचीच २०१४ ची 'एक्झामां देता' बघा. मोठी आहे, दीड तासाची, म्हणून बाईंना आधी सुचवली नव्हती. काँगोतल्याच किसांगानी शहरातली पोरं, आपल्या बारावीसारखी सरकारी परीक्षा तोंडावर. शिक्षकांसाठीची वर्गणी भरली नाही म्हणून शाळेतून बाहेर काढलेली. मग सगळी मिळून एका घरात मुक्काम ठोकतात आणि अभ्यासाला बसतात. अभ्यासाच्या जोडीला प्रार्थना आणि नवससायास, आणि उत्तरं आधी कुठे फुटतायत का याचा तपासही. आपल्याकडे केंद्राच्या भिंतीवर चढून कॉप्या पुरवणारे बघितलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. माझा भाचा पोट धरून हसला होता.

ता. क. प्राथमिक शिक्षण फुकट केल्याची घोषणा तिथे २०१९ मध्ये झाली. ही पोरं माध्यमिकची, आणि गोष्ट त्याच्या आधीची.

भूगोलवाल्या बाई

सगळ्यांचे आभार. पहिल्या शनिवारी 'लेडीज इन वेटिंग' आणि 'आफ्टर द माइन', दुसऱ्या शनिवारी परीक्षेची फिल्म. पुठ्ठ्याची गाडी मी मध्येच सरकवणार, कारण आमच्या पोरांनी ती बघितली की सोमवारपर्यंत बसस्टँडवर अशा चार गाड्या फिरतील. पोस्टरवर 'किन्शासा, किपुशी, किसांगानी' लिहिलंय. प्राचार्य म्हणाले, ही कुठली गावं? मी म्हटलं, शनिवारी या.

दोन अडचणी. फिल्म रीतसर कुठून मिळवू? आणि फ्रेंच, लिंगाला (किन्शासातली बोलीभाषा), इंग्रजी सबटायटल्स यांत मागच्या बाकावरची पोरं गळतील.

फूटपाथ फिल्मवाला

चार फिल्मच्या निर्मितीत केपटाऊनची बिग वर्ल्ड सिनेमा आहे. त्यांना साधं ईमेल करा, कॉलेजचं नाव, किती विद्यार्थी, तिकीट नाही, एवढं लिहा. केपटाऊनच्याच स्टेप्स या संस्थेचा ॲफ्रीडॉक्स हा मंचही चाळून बघा, तिथे आफ्रिकन माहितीपट फुकट दाखवत आले आहेत. यूट्यूबवरून उतरवलेली प्रत मात्र लावू नका, प्रोजेक्टरवर चेहरे चौकोनी दिसतात.

किन्शासाकर

सबटायटल्सचं मी बघतो. प्रत हाती आली की कळवा. 'लेडीज इन वेटिंग'चे संवाद मराठीत लिहून देतो, एखाद्या खणखणीत आवाजाच्या मुलीला बाजूला बसवून वाचायला लावा. फ्रेंच मला कामापुरतं येतं. लिंगाला मात्र बाजारातलं, पण त्या फिल्ममध्ये भाव करण्यापलीकडे फारसं काही लागणार नाही.